उत्तर टोकाची खांड

“घाव घाल,” मामा म्हणाले आणि त्यांनी टिकाव माझ्या हातात दिला.

मला वाटलं, ऐकण्यात माझीच काहीतरी चूक झाली. नुकतंच उजाडलं होतं. आम्ही दोघं बांधाच्या उत्तर टोकाला उभे होतो. तिथं बांध टेकडीच्या पायथ्याला जाऊन टेकतो. एका अंगाला धरमतरची खाडी, ओहोटीमुळे मागं सरकलेली, काळ्या चिखलाचा पट्टा उघडा टाकून पडलेली. दुसऱ्या अंगाला आमच्या करंजखारची सगळी भातशेती. भात पोटरीला आलं होतं, कुठं कुठं लोंबी बाहेर डोकावत होती. आणि दोन्हींच्या मधे हा मातीचा बांध. तो होता म्हणून भात होतं, आणि भात होतं म्हणून गाव होतं.

“मामा, इथं काय दुरुस्त करायचंय?” मी विचारलं. “इथला बांध तर चांगला हाय की.”

“दुरुस्त नाय करायचा. फोडायचाय.”

मी टिकाव खाली टेकवला.

हसुराम घरत म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणायचो, आमच्या माणदेशात तशी रीत आहे. करंजखारात कुणालाही विचारा, बांध कुणाचा, तर लोक सांगायचे हसुरामचा. तो होता सगळ्या गावाचा, पण जीव त्यांचा होता. पावसाळा सरला की घरटी एक माणूस बांधावर माती टाकायला येई आणि कुणी कुठं उभं राहायचं ते मामा ठरवत. खेकड्याचं, चिंबोरीचं बीळ दिसलं तरी ते गुडघ्यावर बसून हातानं माती ठासायचे. शेत थोडं वाढवावं म्हणून एकानं एकदा बांधाचा पाया फावड्यानं खरवडला होता, तर मामांनी त्या घरचं पाणी पिणंही सोडलं होतं. असा माणूस मला बांध फोडायला सांगत होता.

“मामा, तुमाला बरं वाटतंय ना?”

“हनमंता, भरती लागायच्या आत झाला पायजे. घाव घाल.”

मी काही हलेना. तेव्हा ते माझ्याकडं पाठ करून बसले, चिखलातच, तोंड टेकडीकडं करून. म्हणाले, “मी बघत नाय. तू घाल.”

इथं माझं थोडं सांगायला हवं, नाहीतर त्या सकाळी मी तिथं कसा हे कळायचं नाही. मी दुष्काळी मुलखातला. आमच्या गावात पाऊस वाट चुकल्यासारखा यायचा, आणि शेवटी शेवटी तर तेवढाही येईना. चुलत्याबरोबर मी पेणला आलो, गणपतीच्या कारखान्यात माती मळायला. तिथं मथुरा रंगकामाला यायची. आमचं जमलं. तिची जात वेगळी, माझी वेगळी. दोन्हीकडचे लोक खवळले. मामांना मथुरा एकुलती एक. ते कारखान्यात आले, मला मळलेल्या मातीचा गोळा उचलायला लावला, स्वतः बोटांनी दाबून बघितला आणि म्हणाले, “माती बरी मलतोस. चल घरी.” असा मी घरजावई झालो. गावानं मला वाईट वागवलं नाही, पण माझं नाव ‘घाटी जावय’ पडलं ते पडलंच. पोरगा झाला, तो रांगायला लागला, तरी मी पाहुणाच होतो.

पहिल्यांदा मी ते शेत बघितलं तेव्हा मला रडू आलं होतं. एवढं पाणी, एवढं हिरवं! मला वाटलं, इथल्या माणसाला कसली चिंता असणार? पण बांधावर दर वर्षी ओंजळभर जास्त माती लागते हे मला हळूहळू दिसायला लागलं. शेतातलं पावसाचं पाणी खाडीत सोडायला बांधात लाकडी दरवाजा असतो, त्याला उघाडी म्हणतात. बाहेर ओहोटी झाली की तिचं दार आपोआप उघडायचं. आता ते अर्धवटच उघडायचं, कारण खाडी पहिल्यासारखी खाली उतरतच नव्हती. चार महिन्यांचा पाऊस चार-दोन दिवसांत कोसळायचा आणि शेतात तुंबून राहायचा. खालच्या आळीतल्या विहिरी मचूळ झाल्या होत्या.

लोक त्यावर बोलायचे, पण प्रत्येकाचं कारण वेगळं. कुणी म्हणायचं, खाडीत गाळ साचलाय. कुणी म्हणायचं, मोठ्या बोटी जातात त्यांच्या लाटांनी बांध खचतोय. एक म्हातारी म्हणायची, खाडीला नारळ द्यायचा तो आजकाल पोरं खाऊनच टाकतात. आमचे शेजारी लहू मोकल, मामांचे लहानपणापासूनचे सोबती, छातीठोकपणे सांगायचे, “दर्या हाय तिथंच हाय. आपली माती बसलीय. अजून घाला.”

मामा म्हणायचे, “दर्या चढलाय, लहू.”

“आपल्या बापजाद्यांच्या टायमाला नाय चढला तो?”

“नाय चढला.”

बस, एवढंच. मग दोघं एकाच चिलमीतून ओढत बसायचे.

त्या दिवशी भाद्रपदातली पौर्णिमा होती. वर्षातलं मोठं उधाण. त्यात बाहेर समुद्रात वादळ होतं, किनाऱ्याला लागलं नव्हतं, पण वारा सतत गावाकडं ढकलत होता. आदल्या दुपारच्या भरतीत खाडीचं पाणी खालच्या आळीमागं बांधाच्या डोक्याला लागलं. आमचं आणि लहूकाकांचं घर त्याच आळीत. सगळं गाव धावलं. पोती, चिखल, पेंढा, कुणी तर घराचं दार काढून आणलं. लाट वरून सांडली की बायका ओरडायच्या आणि पुरुष त्या जागी माती आपटायचे. शेवटी भरती उतरली. बांध राहिला. माणसं चिखलानं माखलेली, एकमेकांना मिठ्या मारत होती.

संध्याकाळी चढावरच्या देवळात सगळे जमले. मामा उभे राहिले. म्हणाले, “उद्या दुपारचा उधाण आजच्यापेक्षा मोठा असंल. खालची आळी मोकली करू. पोराबालांना देवलाकडं आनून ठेवू.”

“आनि बांध?” कुणीतरी विचारलं.

“बांध राहील का नाय, मना सांगता येत नाय.”

असं मामांच्या तोंडून कुणी कधी ऐकलं नव्हतं. लहूकाका उठले. “हसुराम, आज सगल्या गावानी जीव लावून बांध राखला, आनि तू असा बोलतोस? उद्या पन राखू. घर सोडून गेलो तर मातीला हात कोन लावनार?” सगळ्यांनी मान डोलावली. त्याच दुपारी जिंकलेली माणसं होती ती. त्यांना घाबरवणं सोपं नव्हतं. मामा खाली बसले.

सकाळी मला त्यांनी हलवून उठवलं. आधी घरामागं, बांधाच्या आतल्या पायथ्याशी नेलं. तिथं गवतातून पाणी झिरपत होतं. झिरपणं नवं नव्हतं. उधाणात बांध थोडा घामेजतोच. मामांनी ओंजळीत ते पाणी धरलं आणि उजेडाकडं केलं. पाणी गढूळ होतं, चहासारखं.

“नितल पानी आला तर बांध जिता असतो,” ते म्हणाले. “ही माती आतून येतेय. बांध पोकल झालाय.”

मी म्हणालो, “गावाला सांगू.”

“सांगितला काल.”

घरात येऊन त्यांनी मथुरेला हाक मारली. ती पोराला पाजत होती. म्हणाले, “आज दुपारच्या आधी उंबऱ्याला पानी लागंल. हलूहलू येईल, घाबरायचा नाय. लागला की पोराला घ्यायचा, तुझ्या आईला घ्यायचा, आनि देवलाकडं निघायचा. जाताना सगली आळी उठवायची. कोन नाय बोलला तर शिव्या घाल, पन उठव.”

“आनि तुमी?” मथुरेनं विचारलं.

“आमी दोघं उत्तरेला चाललोय.”

तिनं माझ्याकडं बघितलं. मला काहीच माहीत नव्हतं, मी तिला काय सांगणार?

आता सगळा बांध चालून आम्ही टोकाला आलो होतो, माझ्या हातात टिकाव होता, आणि माझा सासरा पाठ करून चिखलात बसला होता. टोकाला लागून असलेलं पहिलं शेत आमचंच. त्याच्यापलीकडं एकही घर नाही. म्हणजे पाणी आत घ्यायचं तर सगळ्यात लांबून, रिकाम्या बाजूनं. एवढं मला हळूहळू कळलं. पण खारं पाणी एकदा आत आलं की ते काय एकाच शेतात थांबणार नव्हतं. पोटरीतलं सगळं भात जाणार होतं. आणि जमीन पुन्हा गोडी व्हायला किती पावसाळे लागतात ते मी ऐकलं होतं.

“मामा, लोक आपल्याला जिवंत ठेवायचे न्हाईत.”

“नाय ठेवले तर नाय. घाल रे पोरा.”

मी त्यांना पोरा म्हणताना पहिल्यांदाच ऐकलं. मी टिकाव उचलला आणि घातला.

माती कडक होती. कित्येक वर्षं पायांनी तुडवलेली, उन्हानं भाजलेली. दोन-तीन घावांनंतर वरचा पापुद्रा फुटला आणि आतून ओली, काळी, लोण्यासारखी माती निघाली. तसे मामा उठले. फावडं घेतलं आणि माझ्या शेजारी येऊन असे काही खणायला लागले की मला त्यांच्याबरोबर राहणं जड गेलं. तोंडातून नुसता हुंकार. माती उचलून ते खाडीकडं फेकत होते, जणू ती तिचीच होती आणि तिला परत करायची होती. माणूस आडवा मावेल एवढा चर झाला. मग कमरेएवढा खोल. ओहोटीचा चिखल आता ओला चमकायला लागला होता. भरती फिरली होती.

पाण्याची पहिली जीभ आली ती अगदी लाजत. बोटभर. चरातून आत आली आणि आमच्या शेताच्या कडेला भाताच्या पहिल्या ओळीत शिरली. मामा तिच्याकडं बघत उभे राहिले. थोड्याच वेळात ती हाताएवढी झाली, मग चराच्या दोन्ही कडा ढासळायला लागल्या. त्यापुढं आम्हाला काहीच करावं लागलं नाही. बांध स्वतःच स्वतःला खात गेला. मातीचे ढेपे सुटून पाण्यात पडायचे आणि वाहून जायचे. आमच्या शेतातलं भात आडवं झालं, मग दिसेनासं झालं. पाणी पुढच्या शेतात गेलं, तिथून पुढच्या.

मी हादरून गेलो होतो. आमच्या गावाकडं लहानपणी आठ आठ दिवस पाण्याच्या टँकरची वाट बघितलेला माणूस मी, आणि माझ्याच हातानं मी पाणी आणून पीक मारत होतो.

आरडाओरड ऐकू आली. बांधावरून माणसं धावत येत होती. पुढं लहूकाका. हातात होडीचं वल्हं. उघड्या अंगानं, धापा टाकत आले, आणि खांडीपाशी येऊन थबकले. एवढी मोठी खांड त्यांनी कल्पनेतही बघितली नसणार. आधी त्यांना वाटलं असावं की बांध आपोआप फुटला. मग त्यांना आमचे चिखलानं बरबटलेले हात दिसले, मातीत पडलेला टिकाव दिसला.

“हसुराम?” ते म्हणाले. अगदी हळू.

मामांनी हातातलं फावडं खाली ठेवलं.

“तू फोडलास?”

“हो.”

लहूकाकांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी जन्मात विसरणार नाही. वल्हं त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि मामांच्या खांद्यावर घातलं. मामा गुडघ्यावर पडले. हात वर केला नाही, मान वळवली नाही. मी मधे पडलो तर दोघा-तिघांनी मला धरून मागं ओढलं. “घाट्या, तू बी?” कुणीतरी माझ्या कानशिलात मारली.

“सगला गेला,” लहूकाका ओरडत होते. “लोंबीला आलेला भात! अरे, कान्हाला काय तोंड दाखवशील तू? कान्हाला काय सांगशील?”

मला वाटलं, देवाबद्दल बोलतायत.

मामा म्हणाले, “लहू, आळीकडं बघ.”

“कान्हाला काय सांगशील ते बोल!”

“आळीकडं बघ रे.”

कुणीतरी वळलं, मग सगळेच वळले. उत्तर टोकावरून अख्खं गाव दिसायचं. शेतांवर आता सगळीकडं पाणी होतं, पातळ, शांत, आभाळ पडलेलं. त्याच्या पलीकडच्या काठाला खालची आळी. आणि आळीपासून देवळाच्या चढापर्यंत माणसांची रांग. डोक्यावर गाठोडी, काखेत पोरं, कुणाच्या हाताला बकरी. एवढ्या लांबून चेहरे दिसत नव्हते, पण सगळ्यात मागं एक बाई एका म्हातारीला पाठीवर घेऊन चालली होती आणि म्हातारी हात झाडत होती. ती मथुरा होती. पाठीवर लहूकाकांची आई. पोराला तिनं पुढं आपल्या आईकडं दिलं असणार.

उधाण अजून भरायचं होतं. आम्ही बघत असतानाच आळीमागचा बांध हलला. हलला म्हणण्यापेक्षा बसला. दमलेलं जनावर पाय मुडपून बसतं तसा. आधी मधला भाग, मग दोन्ही बाजू. मोठा आवाज झालाच नाही, किंवा झाला असेल तर वाऱ्यात आम्हाला ऐकू आला नाही. कालची पोती, पेंढा, ते घराचं दार, सगळं त्यात गेलं. बाहेरचं पाणी आत आलं, पण आत आधीच पाणी होतं. दोन पाणी एकमेकांत मिसळली, थोडा भोवरा फिरला, बस. आळीतल्या घरांत ते कमरेएवढं चढलं. लहूकाकांच्या घराची मागची भिंत कलली आणि आत पडली.

त्या घरात कुणी नव्हतं. आळीत कुणीच नव्हतं.

“आई,” लहूकाका म्हणाले, आणि वल्हं तिथंच टाकून धावत सुटले. बाकीचेही त्यांच्यामागं गेले. मामा चिखलात बसून होते. मी त्यांना उठवायला गेलो तर ते म्हणाले, “आतबाहेर पानी सारखा झाला म्हनून बांध नुसता बसला. आत कोरडा असता तर पानी भिंतीसारखा आला असता. झोपलेल्या, जेवनाऱ्या मानसांवर.”

“मग हे त्यांना सांगा की मामा.”

“कशाला?” ते म्हणाले. “भात तर गेलाच ना त्यांचा.”

एकही माणूस दगावलं नाही. हे मी आजही स्वतःला सांगतो. पण भात गेलं, तेही खरंच. ओहोटीला पाणी उतरलं तेव्हा शेतं पांढुरकी दिसायला लागली आणि थोड्याच दिवसांत सगळा हिरवा रंग उडून गेला. लोंबीत दाणा भरलाच नाही. गावात दोन तट पडले. काही जण म्हणत, हसुराम होता म्हणून आळी वाचली. बरेच जण म्हणत, त्यानं पाणी आत घेतलं म्हणूनच आळीमागचा बांध भिजून बसला, नाहीतर राखला असता आम्ही. याचा निवाडा कोण करणार? न घडलेली गोष्ट कुणाला दाखवता येत नाही. लहूकाकांनी मामांशी बोलणं टाकलं. त्यांची आई मात्र रोज संध्याकाळी आमच्या दारासमोर उभी राहून मामांना शिव्या घालायची आणि मथुरेनं दिलेला चहा पिऊन जायची.

मामांचं वेगळंच चाललं होतं. दर ओहोटीला ते उत्तर टोकाला जायचे. खांड आता पार रुंद झाली होती, तळाशी चिखलाचा मोठा डोह झाला होता. त्यात उतरून ते हातांनी चाचपत बसायचे. तासन्‌तास. लोक म्हणायला लागले, हसुरामचा डोका फिरला. मलाही तसंच वाटायला लागलं होतं. एक दिवस मी त्यांच्यामागं गेलो आणि विचारलं, “मामा, काय शोधताय?”

त्यांनी वर बघितलं नाही. “कान्हाला.”

“कोण कान्हा?”

“माझा धाकटा भाव.”

मला त्यांना भाऊ होता हेच माहीत नव्हतं. मथुरेनंही कधी सांगितलं नव्हतं, कारण तिलाही कुणी सांगितलं नव्हतं. मामा चिखलात हात फिरवत बोलत राहिले, जणू दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगतायत.

“मी, लहू आनि तो. तेव्हा तुझ्यापेक्षा लहान होतो आमी. उधानात हितं खांड गेली. सगला गाव माती टाकत होता. कान्हा खाली उतरला, पेंढ्याच्या गाठोड्या पायांनी दाबायला. वरून कड सुटली. तो खाली गेला. हात दिसत होता त्याचा, इतका.” त्यांनी स्वतःचं मनगट धरून दाखवलं. “मानसांनी हात थांबवले. माझा बापूस ओरडला, थांबू नका. पानी चढत होता. थांबलो असतो तर सगला गाव गेला असता. मी त्याच्यावर माती टाकली, हनमंता. मी नि लहूनी. हात दिसायचा बंद होईपर्यंत टाकली. बांध राहिला.”

माझ्या डोळ्यांसमोर ती सकाळ उभी राहिली, त्यांची ती वळलेली पाठ.

“मना त्याच्यावर टिकाव नाय मारवला,” मामा म्हणाले. “तुना काय ठाव नव्हता, म्हनून तुना नेला.”

“मग इथंच का फोडला मामा? दुसरीकडं कुठंबी…”

“दुसरीकडं सगलीकडं घरा होती.”

त्यांना चिखलात काही मिळालं नाही. डोहानं सगळं आधीच खाडीत नेलं होतं.

पुढं गावात पुष्कळ भांडणं झाली आणि शेवटी नवा बांध घातला, पण जुन्या जागी नाही. बराच आत, टेकडीच्या पोटाशी. अर्धी शेती बाहेर राहिली, खाडीला दिली असंच म्हणायचं. खालची आळी उठून वर चढावर आली. आतल्या जमिनीत खाऱ्याला दाद न देणारं जुनं लाल भात लावायला लागलो. त्याचं बी गावात कुणाकडंच उरलं नव्हतं, दुसऱ्या गावातून मागून आणावं लागलं. बाहेरच्या शेतांत हळूहळू कांदळाची खारी झाडी उगवली, चिंबोऱ्या आल्या, कोळंबी आली. लहूकाकांची सगळी जमीन बाहेर गेली होती. काही दिवस ते नुसते बांधावर बसून असायचे. मग त्यांनी होडी दुरुस्त केली, आपल्याच बुडालेल्या शेतात जाळं टाकलं आणि जिताडा मासा पाळायला लागले. मामांशी मात्र बोलले नाहीत. वाटेत भेटले तरी दोघं खाली बघून जायचे.

बऱ्याच वर्षांनी मामा गेले ते असेच एका उधाणाच्या दिवशी, सकाळी, चहा पिता पिता. आमची मसणवट उत्तरेच्या टेकडीवर. तिथं जायची जुनी वाट बांधावरून होती, ती आता तुटलेली. ओहोटी असेल तरच चिखलातून जाता यायचं, आणि भरती तर लागलेली. माणसं जमली, तिरडी बांधून झाली, आणि मग सगळे दारात उभे राहिले. थांबायचं का? थांबायचं तर संध्याकाळ होणार, वर आभाळ भरलेलं.

तेवढ्यात लहूकाका आले. म्हातारे झाले होते, कमरेत वाकले होते. कुणाकडं न बघता मला म्हणाले, “होडी लावलीय. उचल.”

आम्ही मामांना होडीत आडवं ठेवलं. लहूकाका मागं बसले, मी पुढं. बाकीची माणसं दुसऱ्या दोन होड्यांतून मागं मागं. खाली आमची शेतं होती, त्यांवर पुरुषभर पाणी, आणि आम्ही वरून चाललो होतो. मला ते काही केल्या खरं वाटेना. मी होडीची कड घट्ट धरून बसलो होतो.

मागून लहूकाकांचा आवाज आला. मला वाटलं, माझ्याशी बोलतायत. मी वळलो. ते मामांच्या तोंडाकडं बघत बोलत होते, वल्हं मारत, घाईघाईनं, टेकडी येण्याआधी सगळं सांगून व्हायला हवं असल्यासारखं.

“…धाकटीचा लगीन झाला तुना बोलावला नाय, जावय बरा हाय, पेनला दुकान हाय त्याचा. यंदा जिताडा मोठा झाला, दोन हातांनी उचलत नाय. आई गेली ना, जाताना तुझाच नाव घेत होती. शिव्या देऊन, पन तुझाच. हे हितं बघ, हा माझा मोठा खाचर होता, आता चार हात खोल हाय, हितंच जाला टाकतो मी. तुना दाखवायचा होता. रोज ठरवायचो, आज हसुरामला बोलतो, आज बोलतो…”

वल्हं थांबलं. होडी पाण्यावर नुसती डुलत राहिली.

“जरा थांबायचास ना रे,” लहूकाका म्हणाले.